वर्द्या किती ते नको, पहिले पाणी कधी पडले ते सांगा

प्रति,
राज्यातील नगरपरिषदांचे मुख्याधिकारी, महानगरपालिकांचे आयुक्त आणि त्यांच्या अग्निशमन विभागांचे प्रमुख यांस

विषय : अग्निशमन दलाचा मासिक गोषवारा

महोदय / महोदया,

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपल्या टेबलावर अग्निशमन विभागाचा एक कागद येतो. आगीच्या वर्द्या (मदतीसाठी आलेले कॉल) इतक्या, झाडपडी इतक्या, पक्षी-प्राणी सोडवले इतके, किरकोळ इतक्या, एकूण इतक्या. खाली सही-शिक्का. दल नीट चालले आहे की कसेबसे ढकलले जात आहे, हे या कागदावरून आपल्याला कळत नाही, आणि ज्यांच्या करातून ते चालते त्यांच्यापर्यंत तर तो पोहोचतही नाही. अग्निशमन सेवा राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांमध्ये लिहिलेली आहे. म्हणून हे पत्र सरळ आपल्याला.

मागणी एवढीच, की प्रत्येक वर्दीपुढे पाच टप्प्यांच्या वेळा लिहाव्यात आणि तो तक्ता लोकांना दिसेल असा लावावा. कॉल कधी लागला, गाडी केंद्राच्या फाटकाबाहेर कधी पडली, जागेवर कधी पोहोचली, पहिले पाणी कधी पडले आणि गाडी परतून, टाकी भरून पुन्हा तयार कधी झाली. वर्दीच्या वहीत यातल्या दोन-तीन वेळा आजही असतात. पहिल्या पाण्याची वेळ मात्र बहुतेक ठिकाणी कुणी लिहीत नाही, आणि खरी परीक्षा तिथेच असते. गाडी सात मिनिटांत पोहोचली आणि पाणी सुरू व्हायला आणखी सहा मिनिटे लागली, तर घर तेरा मिनिटे जळले. कागदावर मात्र ‘सात मिनिटांत घटनास्थळी दाखल’ असे छापून येते.

पहिल्या वेळेपासून सुरुवात करू. मोबाइलवरून १०१ लावला की तो कॉल आपल्याच केंद्रात वाजेल याची खात्री नसते. टॉवर कुठला, कंपनीने तो नंबर कुठे जोडला आहे, यावर तो कधी जिल्ह्याच्या गावी तर कधी शेजारच्या शहरात लागतो. ११२ चा कॉल आधी राज्याच्या केंद्रात जातो आणि तिथून खाली येतो. लँडलाइनची केबल गटाराच्या खोदकामात तुटलेली असेल तर प्रश्नच मिटला. म्हणून कॉल आपल्याकडे लागला ती वेळ आणि माणसाने पहिला फोन केला ती वेळ, या दोन्ही विचारून लिहाव्यात. त्यांच्यात पाच मिनिटांचे अंतर दिसले तर दूरसंचार कंपनीला पत्र लिहायला पुरावा हाती येतो. परीक्षा सोपी आहे. महिन्यातून एकदा गावाच्या चार टोकांवरून, प्रत्येक कंपनीच्या सिमवरून १०१ लावून बघा. फोन घेणाऱ्याने विचारायचे तेही ठरलेले हवे : जागा आणि जवळची खूण, काय पेटले आहे, आत कोणी आहे का, कितवा मजला, आणि परत लावता येईल असा नंबर. ‘मारुती मंदिराजवळ’ एवढ्या पत्त्यावर गाडी सोडली, आणि गावात मारुतीची चार मंदिरे असली, की पुढचे सांगायला नको.

कॉल ते फाटक हे अंतर दिवसा एका मिनिटाचे, रात्री फार तर दीड. त्याहून जास्त लागले तर कारण बहुधा गाडीत असते. बंबाला हवेचे ब्रेक असतात. रात्रभरात कुठून तरी हवा गळाली की इंजिन सुरू होते, पण टाकीत पुरेसा दाब येईपर्यंत ब्रेक सुटत नाहीत आणि गाडी जागेवरच घुरघुरत उभी राहते. उपाय फुकटात आहे. दर पाळीला इंजिन चालू करून दाबाचा काटा बघायचा, हवेच्या टाकीत साठलेले पाणी रोज सोडायचे आणि गळती असेल तर गॅरेजची वाट न बघता जोडणी घट्ट करून घ्यायची. बॅटरीला केंद्रातच चार्जर लावून ठेवता येतो. दुसरे कारण माणसाचे. कंत्राटी चालक घंटागाडीवर पाठवलेला असतो. हा निर्णय अग्निशमन विभागाचा नसतो, वरचा असतो, आणि तक्त्यात तो दिसला पाहिजे.

रस्त्यात लागलेला वेळ हा आपल्याच अखत्यारीतला भाग आहे. आठवडी बाजार, उत्सवाची कमान, मंडप, खाली लोंबणाऱ्या केबलच्या तारा, खोदून ठेवलेला रस्ता. बंबाची रुंदी अडीच मीटरच्या आसपास असते, पण बाजूची शटर उघडून माणसांना होजपाइप ओढता यायचे तर साडेतीन मीटर तरी मोकळे हवे. गाडी कुठे अडली हे दर वर्दीला एका ओळीत लिहिले, तर सहा महिन्यांत गावाचा अडथळ्यांचा नकाशा तयार होतो. बांधकाम, अतिक्रमण आणि अग्निशमन हे तिन्ही विभाग आपल्याच हाताखाली आहेत. नकाशा त्या दोघांच्या टेबलावर ठेवायला कुणाची परवानगी लागणार आहे?

आता पहिले पाणी. सराव असलेला चमू गाडीवरच्या होजरीलने (रिळावर गुंडाळलेल्या बारीक पाइपने) अर्ध्या मिनिटात पाणी मारू शकतो. ६३ मिलिमीटरच्या होजपाइपच्या दोन लांब्या जोडून, ब्रांच (टोकाची पाणी मारायची नळी) लावून मोठी धार सुरू करायला एक मिनिट पुरते. प्रत्यक्षात उशीर होतो तो क्षुल्लक गोष्टींनी. दोन पाइप जोडणाऱ्या कपलिंगच्या मादी बाजूत एक रबरी वॉशर असते. ते हरवले की जोडावरच कारंजे उडते आणि पुढे दाब जात नाही. होजपाइप महिनोन् महिने एकाच घडीवर दुमडून ठेवला तर नेमक्या त्या घडीवर फाटतो, म्हणून दर महिन्याला घडी बदलायची असते. ओला गुंडाळलेला पाइप आतून कुजतो. धुऊन, उभा टांगून वाळवावा लागतो, आणि त्यासाठी केंद्रात उंच जागा हवी. बदली चालकाला गाडी चालवता येते, पण इंजिनाची ताकद चाकांकडून पंपाकडे वळवणारा पीटीओ कसा टाकायचा ते माहीत नसते. आणि टाकी. दुभाजकातल्या झाडांना पाणी घालायला किंवा कार्यक्रमाआधी मैदानावर शिंपडायला बंब नेला, परत आणून उभा केला, भरला नाही. असे किती गावांत चालते हे आपणच तपासून बघा.

टाकी भरलेली असली तरी ती किती पुरते? नेहमीच्या बंबात (वॉटर टेंडरमध्ये) ४,५०० लिटर पाणी असते. २० मिलिमीटरच्या नॉझलमधून साडेतीन किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाने धार सोडली तर मिनिटाला सुमारे ५०० लिटर जातात. म्हणजे एक ब्रांच नऊ मिनिटे, दोन ब्रांच साडेचार. त्यानंतर गाडी भरायला जाते. भरण्याची जागा आठ मिनिटांवर आहे आणि तिथला नळ मिनिटाला ३०० लिटर देतो असे धरू : जायला ८, भरायला १५, यायला ८, वर रिकामी व्हायला ९, एकूण ४० मिनिटांचा फेरा. एवढ्यात एक ब्रांच अखंड चालू ठेवायची तर पाच गाड्या लागतात. आपल्याकडे किती आहेत? भरण्याच्या जागी मोठी लाइन टाकून मिनिटाला ९०० लिटर मिळाले तर भरायला पाचच मिनिटे लागतात आणि चार गाड्यांत भागते. नव्या गाडीच्या किमतीशी या पाइपलाइनच्या खर्चाची तुलना जरूर करावी.

खासगी पाण्याचे टँकर आपण बोलावतोच. दहा हजार लिटरचा एक टँकर म्हणजे एका ब्रांचला वीस मिनिटे. पण त्याच्या मागच्या व्हॉल्व्हला आपल्या होजपाइपचे कपलिंग बसत नाही. मग वरचे झाकण उघडून पोर्टेबल पंपाचा सक्शन पाइप आत सोडावा लागतो, नाहीतर पाणी नुसते रस्त्यावर वाहते. टँकरवाल्यांच्या व्हॉल्व्हची मापे आधीच घेऊन दोन-तीन अॅडॅप्टर कोणत्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात करून गाडीत ठेवता येतात. विहिरीचेही तसेच. पंप पाणी ओढू शकतो ते व्यवहारात सात मीटर खोलीपर्यंत. उन्हाळ्यात पातळी त्याखाली गेली की गाडीवरचा पंप कितीही गरगरवला तरी उपयोग नाही. कोणत्या विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात किती खोल असते, ही यादी मार्चमध्येच हवी.

एक वर्दी दुसऱ्या वर्दीसारखी नसते, आणि मासिक कागद इथे सगळ्यात जास्त फसवतो. कचरा डेपोची आग तीन दिवस चालते, गाड्यांच्या पन्नास खेपा होतात, वहीत ‘१’. डेपोवर नुसते पाणी मारले तर ते वरून वाहून जाते आणि आतला धुमसता थर तसाच राहतो. पोकलेनने थर फोडायचे, पसरायचे, भिजवायचे आणि मातीने झाकायचे. जिनिंगमधल्या कापसाच्या गंजीचेही तसेच. ज्वाळा विझल्या म्हणून गाडी परत आणली की मध्यरात्री दुसरी वर्दी. कापूस फोडून वेगळा करावा लागतो आणि किमान एक दिवस पहारा ठेवावा लागतो. ऊस पेटला तर बंब बांधापर्यंत पोहोचतच नाही. वाऱ्याच्या पुढच्या अंगाला ट्रॅक्टरने पट्टा मोकळा करणे हाच उपाय, आणि तो शेतकऱ्यांना दलापेक्षा चांगला जमतो. म्हणून वर्दीपुढे खेपा, लिटर आणि माणसांचे तासही लिहा.

याच्या उलट, ‘किरकोळ’ या रकान्यात जे ढकलले जाते त्यातले पुष्कळसे किरकोळ नसते. पावसाच्या पहिल्या सरीत रस्त्यावर सांडलेले ऑइल घ्या. माती किंवा लाकडाचा भुसा टाकून ते शोषून घ्यायचे, गोळा करायचे आणि मग धुवायचे. नुसते पाणी मारले तर ऑइल पसरते आणि आणखी पन्नास मीटर रस्ता निसरडा होतो. दहा दुचाक्या घसरायच्या वाचतात, पण न घडलेल्या अपघाताला रकाना नसतो. लिफ्टमध्ये अडकलेल्यांची वर्दीही अशीच. मशीनरूममधला मेन स्विच बंद करायचा, ब्रेक सोडून चाक हाताने फिरवत लिफ्ट मजल्याच्या पातळीला आणायची, मग चावीने दार उघडायचे. काम दहा मिनिटांचे. मशीनरूमची किल्ली सोसायटीच्या कोणत्या सदस्याकडे आहे हे शोधण्यात अर्धा तास जातो. हा अर्धा तास तक्त्यात वेगळा दाखवला, की पुढच्या महिन्यात सोसायट्या किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये टांगतील.

महिने नावानिशी वेगळे असतात. जानेवारीत मांजात अडकलेले पक्षी, फेब्रुवारीपासून मेपर्यंत गवत, कडब्याच्या गंजी, डेपो आणि तापलेले ट्रान्सफॉर्मर, जूननंतर झाडपडी आणि भिंती, दिवाळीत गॅलरीत ठेवलेल्या अडगळीवर पडलेले रॉकेट. तेव्हा मे महिन्याची तुलना एप्रिलशी करू नये, गेल्या वर्षीच्या मेशी करावी.

आता कारणांचा रकाना. तिथे बहुतेक ओळींत ‘शॉर्ट सर्किट’ असते, आणि हा शब्द तपास न केल्याची पावती झाला आहे. आग दुसऱ्याच कशाने लागली तरी चालू वायरचे वेष्टण जळते, तारा एकमेकींना चिकटतात आणि तांब्यावर वितळलेले मणी दिसतात. म्हणजे शॉर्ट सर्किट हा आगीचा परिणामही असू शकतो. खरे कारण अनेकदा सैल जोडणी, किंवा बारीक वायरवर बसवलेला मोठा एमसीबी (जादा वीज वाहिली की आपोआप बंद होणारा स्विच). दीड चौरस मिलिमीटरच्या वायरवर ३२ अँपिअरचा एमसीबी लावला तर वायर तापून पेटते आणि एमसीबी शांत बसतो. त्यामुळे ‘शॉर्ट सर्किट’ लिहायचे असेल तर कुठल्या जोडावर, कुठल्या मापाची वायर, संरक्षण काय होते, हेही लिहावे. एवढे सांगता येत नसेल तर ‘कारण निश्चित नाही’ असे लिहिण्यात कमीपणा नाही.

वर्दी नसलेल्या दिवसांत दल काय करते हा कागदाचा दुसरा अर्धा भाग, आणि तो सहसा ‘मॉक ड्रिल – २’ एवढाच असतो. आधी कळवून, फोटोग्राफर बोलावून, भरदुपारी शाळेच्या मैदानावर केलेल्या मॉक ड्रिलमधून मुलांना सुट्टी मिळते, दलाला काही मिळत नाही. रात्री दोन वाजता न सांगता घंटा वाजवा आणि फाटकाबाहेर पडायला किती वेळ लागला ते लिहा.

धुरात शिरताना लावायच्या श्वसनयंत्रांचा हिशेब तर दर पाळीला हवा. सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार (बार हे दाबाचे माप) दाबाने हवा भरली तर १,८०० लिटर होते. कागदावर मिनिटाला ४० लिटर धरून ४५ मिनिटे. जिना चढताना, होजपाइप ओढताना माणूस मिनिटाला ६० लिटर आणि त्याहूनही जास्त ओढतो. हवा संपत आल्याचा इशारा देणारी शिटी ५० बारच्या आसपास वाजते. ती वाजेपर्यंतचीच हवा आपली, उरलेली बाहेर पडण्यासाठी राखीव. म्हणजे कामाला पंचवीस मिनिटे, त्यातच परतीची वाटही. सिलिंडर २०० बारवर राहिला असेल तर पंधराच. ज्या गावात कॉम्प्रेसर नाही तिथे रिकामे सिलिंडर भरायला जिल्ह्याला जातात आणि आठ-आठ दिवस येत नाहीत. त्या आठवड्यात आपल्या दलाचा माणूस धुरात शिरू शकत नाही. ही गोष्ट आपल्याला कुणी कळवली होती का? भरलेले सिलिंडर किती, ३०० बारवर किती, मास्क तपासलेले किती, हे तीन आकडे पुरेत.

माणसांचाही आकडा द्या. मंजूर पदांचा नको. अमुक तारखेच्या रात्रपाळीला गाडीवर प्रत्यक्ष किती जण होते तो. चालक पंपावरून हलू शकत नाही. ब्रांचवर दोघे लागतात. आत दोघे गेले तर त्यांच्यासाठी बाहेर दोघे तयार हवेत, आणि एकाने सगळे बघत उभे राहायचे. तिघांची गाडी निघाली तर ती बाहेरूनच पाणी मारणार, आणि मग लोक ‘बघत उभे राहिले’ म्हणून त्यांनाच शिव्या देणार.

उभे राहून बघणारा तो एक माणूस किती मोलाचा असतो, हे आपल्या राज्याला माहीत आहे. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीला आग लागली, इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाने प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार वरिष्ठ अधिकारी गमावले. जुन्या लाकडी इमारतींत आगीइतकेच मारलेल्या पाण्याचे वजनही मोजावे लागते. पाच ब्रांच दहा मिनिटे चालल्या की २५ टन पाणी आत जाते. त्यातले कागद, कापड, जुना चुना यांनी शोषलेले तिथेच राहते आणि जळून बारीक झालेल्या तुळयांवर येते. म्हणून अशा प्रत्येक वर्दीत पाणी किती मारले आणि भेगा, आवाज, झुकाव बघायला कोण नेमला होता, हे लिहिलेच पाहिजे. थोडक्यात निभावलेल्या प्रसंगांनाही रकाना हवा, आणि त्यात लिहिणाऱ्याला नोटीस निघणार नाही अशी आपली लेखी हमी हवी. नाहीतर तो रकाना कायम कोरा राहील.

शेवटचे, इमारतींविषयी. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतली आगीची यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा वापरणाऱ्याची, आणि परवानाधारक एजन्सीचा ‘बी फॉर्म’ (यंत्रणा चालू असल्याचा दाखला) दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात दहा बाळे गेली आणि राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारला आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरला पुन्हा रुग्णालयांचे अतिदक्षता विभाग जळले. तेव्हा फेब्रुवारीच्या आणि ऑगस्टच्या तक्त्यात सांगा, की फॉर्म अपेक्षित किती होते, आले किती, आणि आलेल्यांपैकी किती ठिकाणी जाऊन प्रत्यक्ष पाणी काढून बघितले. फॉर्म आला आणि पंपाचा स्विच ‘ऑटो’ऐवजी ‘मॅन्युअल’वर होता, डिझेल पंपाची बॅटरी मेलेली होती, आगीसाठी राखलेली टाकी पाणीकपातीत वापरून झाली होती, मजल्यामजल्यावरच्या पितळी ब्रांच भंगारात गेल्या होत्या, हे सगळे सर्रास सापडते. तपासणी दहा मिनिटांची आहे. सर्वांत वरच्या मजल्यावरच्या हायड्रंटला (आगीसाठीच्या नळाला) गेज लावून व्हॉल्व्ह उघडायचा. पंप आपोआप सुरू झाला आणि साडेतीन किलो दाब मिळाला तर ठीक. दर दहा मीटर उंचीला एक किलो दाब खर्च होतो, त्यामुळे तळमजल्यावर पाणी दाखवणाऱ्या सोसायटीचे कौतुक करू नये.

हे सगळे जाहीर केले तर लोक वेळांवर बोट ठेवतील, न्यायालयात कागद दाखवतील, ही भीती आम्हाला समजते. ते होईलही. पण आज दहा मिनिटांचा उशीर झाला की दोष फायरमनच्या माथी येतो. पाच वेळा लिहिलेल्या असल्या तर तो उशीर फोनमध्ये होता, ब्रेकमध्ये, बाजारपेठेत की रिकाम्या टाकीत, हे दिसते आणि ज्याचा दोष त्याला मिळतो. घरमालकांची नावे, फ्लॅटचे क्रमांक, जखमींची माहिती यातले काही त्या तक्त्यात नको. प्रभाग आणि प्रकार पुरेत.

मुंबई गोदीतल्या १९४४ च्या स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून आपण अग्निशमन सेवा सप्ताह पाळता, संचलन होते, स्टॉल लागतात. यंदा त्या स्टॉलवर मार्च महिन्याचा तक्ता पाच वेळांसह लावावा. नंतर दर महिन्याच्या ७ तारखेपर्यंत केंद्राच्या फाटकावर, कार्यालयाच्या फलकावर आणि संकेतस्थळावर तो लागावा, खाली केंद्रप्रमुखाबरोबर आपलीही सही असावी. पहिल्या पाण्याच्या रकान्यात सुरुवातीला बरीच कोरी घरे असतील. ती कोरीच लावावीत, अंदाजाने भरू नयेत.

आपले,
अग्निशमनाचे काम जवळून माहीत असलेले काही नागरिक